भाड्याचं घर, पश्चिमेची भिंत, बजेट दीड हजार: हातानं काय करता येईल?

रावेरची लेक
नमस्कार मंडळी. नुकतंच जळगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये बस्तान हलवलंय. हॉलची पश्चिमेकडची भिंत चांगली बारा फुटी आणि पूर्ण रिकामी. घरमालक माणूस चांगला आहे, पण किल्ली देतानाच बजावलं की नवीन डिस्टेंपर दिलाय, भिंतीला भोक पाडायचं नाही. आधीच्या भाडेकरूंचे तीन खिळे आहेत. एकावर घड्याळ गेलं, दुसऱ्यावर कालनिर्णय (ते कुठेही गेलं तरी स्वतःची जागा शोधून घेतंच) आणि तिसरा पार छताजवळ, का ठोकलाय देव जाणे.

बाजारात फिरून आले. सात पांढरे घोडे, अर्धा बुद्ध, सोनेरी पानांचं धातूचं झाड. यातलं प्रत्येक मी कुणाच्या ना कुणाच्या हॉलमध्ये बघितलंय आणि भाव ऐकून परत फिरले. माझं बजेट सगळं मिळून दीड हजार. घरात दोन मुलं, दोघंही रंगात हात घालायला एका पायावर तयार. हातानं करण्यासारखं, आपल्याकडच्या उन्हात टिकणारं आणि घर सोडताना बरोबर नेता येईल असं सुचवा. यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय. तिथे प्रत्येकाच्या घरी एसी असतो.

तापीकाठ
एसीचं लाख बोललात. भुसावळकर म्हणून सांगतो, मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की पश्चिमेची भिंत रात्री जेवणं झाल्यावरही गरमच लागते. त्यामुळे ग्लू गनचा गोंद तुमच्या भिंतीसाठी बाद. तो उष्णतेनं वितळवून लावतात, मग उष्णतेनं मऊ पडणारच. आरसे, शिंपले, लाकडाचे तुकडे, जे काही वजनदार चिकटवाल ते दोन-तीन दुपारींत खाली सरकायला लागतं.

दुसरं, दोन्हीकडून चिकटणारी टेप. ती भिंतीला नाही, रंगाला चिकटते. तळहात भिंतीवरून जोरात फिरवून बघा. हाताला पांढरं लागलं तर टेप रंगाची पापडी घेऊनच खाली येणार, आणि मग घरमालकांशी गाठ आहे. डिस्टेंपरवर बहुधा लागतंच. प्लास्टिक पेंट असता तर हलक्या पुठ्ठ्याच्या वस्तू राहिल्या असत्या.

सुताराचा नातू
खिळा नको ना, मग वरून टांगा. तुमच्या त्या भिंतीला खिडकी आहे का? असली तर पडद्याच्या दांडीचे ब्रॅकेट आधीच ठोकलेले असणार. दांडी काढायची आणि त्याच ब्रॅकेटात सहा-सात फुटांचा सरळ वेळू टाकायचा. त्याला सुती दोरीनं तीन-चार हलकी चित्रं वेगवेगळ्या उंचीवर सोडायची. पडदा त्याच वेळूवर मागून जातो.

चित्रासाठी तयार कॅनव्हास घेऊ नका. मांजरपाट आणा. सुताराकडे उरलेल्या बीडिंगच्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्यांची चौकट करून घ्या. कापड पाण्यात भिजवून, वाळवून मगच ताणायचं, नाहीतर पहिला रंग लागताच आटतं आणि चौकट पिळते. ताणताना एका कोपऱ्यापासून सुरू करू नका. आधी चारही बाजूंचे मध्य ठोका, मग कोपऱ्यांकडे सरका. त्यावर पांढरा प्रायमर आणि थोडा फेविकॉल पाण्यात मिसळून दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. मधे बारीक पॉलिश पेपर. झाला कॅनव्हास, विकतच्या निम्म्या खर्चात.

गिरणाकाकू
बेटा, एवढा पैसा कसाले घालस? रद्दी शे ना घरमा?

आता सगळ्यांना कळेल असं लिहिते. आमच्या आया-आज्या कागदाच्या टोपल्या करायच्या, आठवतंय का कुणाला? तोच लगदा ताटल्यांच्या आकारात लावला की भिंतीवरच्या थाळ्या होतात. वर्तमानपत्र फाडून तीन-चार दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. एक मूठ मेथी वेगळी भिजवून वाटायची. कागद पिळून खलबत्त्यात कुटायचा (मिक्सरमध्ये घातलात तर भांडं नंतर वासानं बाद होतं), मग मेथी मिसळून कणकेसारखा मळायचा. मेथीचा बुळबुळीतपणा लगदा बांधून ठेवतो आणि कडवटपणामुळे किडाही लवकर लागत नाही. स्टीलच्या ताटाला तेल लावून वर लगदा थापायचा, करंगळीएवढा जाड. जाड केलात तर आतून ओला राहतो आणि बुरशी धरतो.

वाळवायचं मात्र सावलीत. आपलं ऊन वरून कडक करतं, आतून ओलं ठेवतं, ताट वाकडं होतं. अर्धवट वाळल्यावर पालथं घालून वर वजन ठेवा. आणि टांगण्याचा सुतळीचा फास लगदा ओला असतानाच मागे दाबून बसवा, नंतर बसत नाही. मुलं हे काम फार आवडीनं करतात. फरशी तेवढी नंतर पुसावी लागते.

पिवळा पळस
एवढं कशाला? वारली करा ना. काळा कागद, पांढरा मार्कर, त्रिकोणाला त्रिकोण जोडा, वर गोल डोकं. अर्ध्या तासात चित्र. स्टेन्सिल पण मिळतात.

सातपुड्याखाली
पळसदादा, राग मानू नका, पण वारली म्हणजे त्रिकोणाला त्रिकोण नव्हे. ती आपल्याकडची नाही, पालघर-डहाणूकडची. लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक (चौकोनी लग्नचित्र) लिहायच्या, मधे पालघाट देवी. गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची रेघ एकदा नीट बघा, माणसं पळताना खरंच पळतात. स्टेन्सिलमधली रांगेत उभी राहतात.

मी तळोद्याचा. आमच्या सातपुड्यात आणि पलीकडे छोटा उदेपूर, झाबुआकडे पिठोरा आहे. ओसरीच्या भिंतीवर घोडेच घोडे. पण ती सजावट नसते, नवस असतो. घरात आजारपण आलं, पीक गेलं की पिठोरा देवाला बोलतात आणि नवस फेडताना लखारा (पिठोरा काढणारा चित्रकार) येऊन भिंत लिहितो. भिंत आधी शेणामातीनं लिंपून पांढऱ्या मातीनं सारवलेली. म्हणून माझं मत असं की कुणाचा देव स्टेन्सिल करून सोफ्याच्या मागे लावू नये. भिल्ल चित्रकारांनी कागदावर केलेली चित्रं विकत मिळतात, लहान आकाराची परवडतात. भुरीबाईंचं नाव ऐकलं असेल, झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या, २०२१ची पद्मश्री. त्यांचं काम बघा आणि ठिपक्यांनी आकार कसा भरतात ते शिका. मग त्याच ठिपक्यांनी तुमच्या रावेरची केळ काढा. ते तुमचं चित्र होईल.

पिवळा पळस
राग नाही हो, पण लहान मुलांनी शाळेच्या प्रोजेक्टला वारली केली तर तीही चूक का? भाड्याच्या घरातली भिंत आहे, म्युझियम नाही.

सातपुड्याखाली
मुलांनी करावी, खुशाल करावी. माझा राग छापील स्टेन्सिलवर आहे, मुलांवर नाही. मुलाचा त्रिकोण वाकडा येतो, तिथेच तो स्वतःचा होतो.

पांझरा
धुळ्याहून. रंगकाम हा घरचा धंदा, म्हणून रंगांबद्दल लिहितो. वाद तुमचा चालू द्या.

स्वस्तात टिकाऊ रंग हवे असतील तर गेरू आणि काजळ घ्या. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती, उन्हानं तिचा रंग जात नाही. काजळ म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन, तोही जात नाही. दोन्ही बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून घ्या. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला रंग लागतो, जास्त झाला तर तडकतो. म्हणून आधी एका तुकड्यावर लावून बघा. पिवळ्यासाठी हळद वापरू नका. पश्चिमेच्या उजेडात महिन्या-दोन महिन्यांत उडते. पिवळी माती मिळते, ती घ्या.

अजून एक. चुन्याच्या ताज्या भिंतीवर किंवा चुना लावलेल्या पाट्यावर हळदीनं काही काढलंत तर ते लाल होतं. कुंकू याच रीतीनं करतात. मुलांना मुद्दाम करून दाखवा, पुठ्ठ्यावर चुन्याचा हात द्या आणि हळदीच्या पाण्यानं ब्रश फिरवू द्या. गंमत म्हणून ठीक, टिकाऊ नाही.

आणि जुन्या वाड्यात राहणाऱ्यांसाठी: भिंतीवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर पाणी मारून ओलंच घासा, मुलाला त्या दिवशी मामाकडे पाठवा.

अवांतर: पूर्वी लग्नसराईत आम्हाला खरं काम असायचं. दाराच्या दोन बाजूंना हत्ती, भालदार-चोपदार, कलश, वर नवरानवरीची नावं आणि तारीख. मूल शाळेत जायला लागलं तरी आईबापाच्या लग्नाची तारीख भिंतीवर असायची. आता फ्लेक्स लावतात, चार दिवसांनी काढून गोठ्यावर टाकतात. असो.

बोरीकाठची
पांझरादादा, आमच्या काकांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर तसा हत्ती अजून आहे. सोंडेवर आता मीटरचा डबा आलाय.

आमचं गावातलं घर धाब्याचं, भिंती मातीच्या. तिथे खिळा ठोकला की भोक मोठंच होत जातं, चित्र काय, कॅलेंडरही राहत नाही. काय करावं?

सुताराचा नातू
मातीच्या भिंतीला खिळा नाही, खुंटी. बाभळीची, वीतभर लांब, टोकाकडे निमुळती. भिंतीत थोडी वरच्या बाजूला तिरपी ठोकायची, भोकात शेण-माती-भुसा भरून. चार दिवस हात लावू नका. दिवळ्या (भिंतीतले छोटे कोनाडे) असतील तर खुंटीचीही गरज नाही. प्रत्येक दिवळीच्या आतल्या बाजूला वेगळा रंग द्या आणि एकेक वस्तू ठेवा. आमच्या आजोबांच्या घरी सगळ्यात देखणी भिंत तीच होती.

चाळीसगावकर
घर आणि कला हा विषय निघाला आणि केकी मूस यांचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. १९१२ ते १९८९. आयुष्याचा बराच काळ त्यांनी चाळीसगावच्या आपल्या घरातच काढला. टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडून देखावा उभा करायचा, उजेड जमवायचा आणि फोटो काढायचा, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. त्यांचं घर आता संग्रहालय म्हणून जपलंय. मुलांना घेऊन जा. स्वस्तात कला म्हणजे काय ते तिथे दिसतं, कारण फोटोतलं जग टेबलाएवढ्या जागेत, साध्यासुध्या सामानातून उभं केलेलं आहे.

आणि जळगावात राहून अजिंठ्याला गेला नसाल तर तेही करा. तिथे रंगाखाली काय आहे ते बघा. माती, त्यात तूस आणि गवत, वर चुन्याचा पातळ हात, आणि वाळलेल्या भिंतीवर रंग. लाल-पिवळे बरेचसे मातीचेच. निळा तेवढा लांबून आलेला, लाजवर्दी दगडाचा. पांझराभाऊ सांगतायत ते गेरू-काजळ पाचव्या शतकात चालत होतं आणि अजून दिसतंय.

भरीतवाली
वाचनखूण साठवली. एवढं वाचून कालच्या रद्दीवाल्याला परत पाठवलं. 🙂

रावेरची लेक
केवढं मिळालं! खिडकी आहे, ब्रॅकेटही आहेत, सुताराच्या नातवाला मनापासून धन्यवाद. छताजवळच्या खिळ्याचं कोडंही सुटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूंच्या वडिलांचा फोटो तिथे होता, हार घालायला स्टूल लागायचं.

सातपुडादादा, केळ काढायची कल्पना डोक्यात बसली. पण केळ नुसती काढण्याऐवजी केळीचंच काही वापरता येईल का? माहेरी भाऊ म्हणतो बागेत खोडं पडूनच असतात, हवी तेवढी ने.

तापी-पूर्णा संगम
नेऊ नका हवी तेवढी! ओलं खोड म्हणजे नव्वद टक्के पाणीच. घरात ठेवलंत की वास आणि चिलटं.

केळी आमचीही आहे. दोन गोष्टी उपयोगाच्या. एक म्हणजे सोपट. घड कापल्यावर खोडाचे बाहेरचे थर बागेतच वाळतात. ते कुजलेले नकोत, कडक वाळलेले घ्या. एकाच खोडाला फिकट पिवळ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत छटा मिळतात. ओल्या फडक्यानं पुसायचे, जड पुस्तकांखाली दाबून सपाट करायचे, मग कात्रीनं कापून चिकटवायचे. रंगाचा थेंबही न लावता पूर्ण निसर्गचित्र होतं. आमच्या बहिणीनं याच छटांत सातपुड्याच्या रांगा केल्यात, लांबची रांग फिकट आणि जवळची गडद.

दुसरा म्हणजे धागा. यंत्रानं काढतात तो पांढरा, चकचकीत येतो. घरी काढायचा तर आतला थर फळीवर ठेवून बोथट सुरीच्या पाठीनं एकाच दिशेनं खरवडायचा, गर निघून जातो, तंतू राहतो. धुवून सावलीत वाळवा. उन्हात पिवळा पडतो. वेणी घालून थाळीच्या कडेला लावा, काकूंच्या कागदी थाळीला भारी दिसेल.

चिकटवताना घरची मैद्याची खळ वापरली तर कसर आणि झुरळं धावत येतात. बाईंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विष आहे, मुलं हाताळणार असतील तर नको. सरळ फेविकॉल वापरा.

गिरणाकाकू
गोधडीचं कुणी बोललंच नाही अजून. जुन्या नऊवारीचे, धोतरांचे तुकडे असतील तर दीड-दोन फुटांची लहान गोधडी शिवा आणि वरच्या कडेला नळी करून वेळूत ओवा. खिळा नको, काच नको, महिन्यातून एकदा झटकली की धूळ गेली. आणि आपल्याकडे वैशाखातल्या वावटळींत धूळ किती येते ते काय सांगू. ती मॅक्रमे का काय म्हणतात, त्या गाठींमधली धूळ निघता निघत नाही. दिसतं छान, पण धुणार कोण?

टाका जवळ-जवळ, चौकोनात चौकोन, बाहेरून आत. मशीनवर मारू नका. मशीनची गोधडी भिंतीवर पोस्टरासारखी सपाट दिसते, हातटाक्याला सुरकुती येते आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती सुरकुती उठून दिसते. पश्चिमेची भिंत म्हणून तू रडतीस, पण समोरच्या खिडकीतून सकाळी तिरपं ऊन आलं तरी तेच होईल. ऊन थेट पडत असेल तिथे तेवढा गडद लाल कपडा लावू नको, उडतो.

पांझरा
काकूंशी सहमत. पोळ्याचा बाजार उठताना उरलेले गोंडे, कवड्यांच्या माळा, माथोट्या (बैलाच्या कपाळावरचा साज) निम्म्या भावात देतात, तेही बघून ठेवा. गोधडीच्या खालच्या कडेला गोंडे लावले की झालं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या साजाची दुकानं लागतात, तिथला माल भारी असतो, पण भावही भारी.

तापीकाठ
उंचीबद्दल कुणीतरी बोला. लोक चित्रं फार वर लावतात. गॅलरीत चित्राचा मध्य ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला.

बोरीकाठची
पण आपण हॉलमध्ये उभे कुठे असतो? दिवाणावर, नाहीतर खाली चटईवर. मी तर मध्य ५० इंचांच्याही खाली ठेवीन.

तापीकाठ
पटलं. पाहुणा उभा असतो तो चपला काढेपर्यंतच.

सुताराचा नातू
टांगण्याआधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापा आणि दोऱ्यांना लावून दोन दिवस तसेच राहू द्या. बसून बघा, जेवताना बघा. मग दोऱ्यांची लांबी ठरवा. आणि भिंत भरायच्या नादात सगळी बारा फूट भरू नका. खिडकीच्या बाजूला गर्दी केलीत तर उरलेली भिंत मोकळी ठेवली तरी चालते.

रावेरची लेक
ठरलं असं. वेळूवर मधे एक लहान गोधडी, सासूबाईंच्या जुन्या पातळांची. त्यांनीच टाके घालायला घेतलेत आणि मला हात लावू देत नाहीत. डावीकडे सोपटाचा सातपुडा, मांजरपाटाच्या चौकटीवर. उजवीकडे मुलांच्या दोन कागदी थाळ्या. धाकट्यानं गेरूनं केळीचा घड काढायला घेतलाय, मोठीनं हत्ती, सोंडेवर मीटरचा डबा असलेला. (बोरीकाठच्या ताई, तुमची गोष्ट वाचून दाखवली त्याचा परिणाम.) चौकटीच्या पट्ट्या सुतारानं फुकट दिल्या, मांजरपाट, प्रायमर, फेविकॉल, गेरू, डिंक, दोरी मिळून सातशेच्या आत बसतंय.

एकच शंका राहिली. वेळू बुरुडाकडून आणला, पण खालच्या टोकाला टाचणीएवढी भोकं आहेत आणि खाली पिवळसर पीठ पडतंय. बदलून आणू का?

सुताराचा नातू
भुंगा आहे. बदलूनच आणा आणि नवीन आणलेल्यालाही आधी औषध द्या. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर मिळून एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, त्यात टाकणखार थोडा जास्त. कोमट पाण्यात विरघळतं. वेळूच्या आतल्या गाठी सळईनं फोडून घ्या म्हणजे पाणी आतपर्यंत जाईल, आणि चार-पाच दिवस बुडवून ठेवा. बाथरूममध्ये मावत नसेल तर पीव्हीसी पाइपाचं एक टोक बंद करून त्यात वेळू उभा करा. मुलांना लांब ठेवा, हात धुवा, नंतर सावलीत वाळवा.

रावेरची लेक
टाकणखार जळगावात कुठे मिळेल?

पांझरा
काष्ठौषधीच्या दुकानात सुटा मिळतो. फुगवलेला नको, खडा मागा.